पुणे विद्यापीठात नवीन आलायत? मग पहिल्या दोन महिन्यांत एवढं करून ठेवा

दरवर्षी जून-जुलै आला की गावाकडून फोन सुरू होतात, दादा आमच्या पोराचा नंबर लागलाय पुणे विद्यापीठात एमएला, त्याला जरा सगळं समजावून सांगा. मग मी तासभर फोनवर बोलतो आणि नंतर आठवतं की अरे, महत्त्वाचं तर राहिलंच सांगायचं. म्हणून यंदा लिहूनच काढतोय. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून आलेलो, घरात पदवीच्या पुढे शिकणारा पहिलाच, त्यामुळे इथं आल्यावर विचारायचं कोणाला हेच कळायचं नाही. तुमचं तसं होऊ नये एवढ्यासाठी हे.

एक गोष्ट सगळ्यात आधी. सरकारी विद्यापीठात बरंच काही मिळतं, शिष्यवृत्ती, हॉस्टेल, लायब्ररी, काम करून शिकायची सोय, पण कोणी तुम्हाला शोधत येऊन देत नाही. जाऊन विचारावं लागतं, लेखी मागावं लागतं आणि पोच घ्यावी लागते. पुढचं सगळं या एका वाक्याभोवतीच आहे.

आता कागदपत्रं. पुण्याला यायच्या आधी गावाकडे असतानाच जेवढी काढता येतील तेवढी काढा, कारण उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन क्रीमी लेयर हे सगळं तुमच्या तहसीलमधून निघतं आणि एका सहीसाठी पुण्याहून परत जायचं म्हणजे दोन दिवस आणि येण्याजाण्याचं भाडं गेलं. जातीचा दाखला असेल तर व्हॅलिडिटीही (जात पडताळणीचं प्रमाणपत्र) बघा, झालेली नसेल तर ते काम सगळ्यात लांबतं. दुसऱ्या विद्यापीठातून येत असाल (नांदेड, संभाजीनगर, कोल्हापूर, कुठूनही) तर मायग्रेशन (विद्यापीठ बदलताना लागणारं प्रमाणपत्र) लागतं. ते कॉलेजमधून मिळत नाही, जुन्या विद्यापीठातून काढावं लागतं, त्यामुळे निकाल लागला की लगेच अर्ज टाका. मध्ये एखादं वर्ष घरी बसला असाल, एमपीएससी केली असेल, शेती बघितली असेल, तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. टीसी मूळ जमा होतो, म्हणून जमा करायच्या आधी पाच-सहा झेरॉक्स काढा आणि मोबाईलमध्ये नीट स्कॅनही ठेवा, अंधारात काढलेला तिरका फोटो नको, फॉर्मवर अपलोड केल्यावर तो परत येतो.

नावाचं स्पेलिंग हा एक वेगळाच ताप. दहावीच्या मार्कशीटवर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. दहावीचं मार्कशीट धरून बाकी सगळं त्याच्यासारखं करून घ्या, आणि ते आत्ताच, कारण एबीसी आयडी (क्रेडिट जमा होतात ते खातं) काढताना आणि पुढं डिग्रीवर हेच नाव येणार आहे.

आता मी जे म्हणालो, लेखी मागा, ते कसं ते सांगतो, कारण बऱ्याच पोरांना साधा अर्ज लिहायला पण भीती वाटते. समजा बोनाफाईड (तुम्ही इथंच शिकता याचा दाखला) पाहिजे. कोरा कागद घ्या. डावीकडे प्रति, मा. विभागप्रमुख, अमुक विभाग, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. मग विषय, बोनाफाईड प्रमाणपत्र मिळणेबाबत. मग महोदय, आणि तीन ओळी: मी आपल्या विभागात एमए भाग एकमध्ये शिकत असून मला शिष्यवृत्तीच्या कामासाठी बोनाफाईडची आवश्यकता आहे, तरी ते मिळावे ही विनंती. खाली सही, नाव, पीआरएन नंबर (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक), मोबाईल, तारीख. सोबत ओळखपत्राची किंवा फीच्या पावतीची झेरॉक्स. झालं. पण याच्या दोन प्रती करायच्या, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्यायची. ‘पोच द्या ना सर’ एवढंच म्हणायचं, कोणी नाही म्हणत नाही. महिन्याने चौकशीला गेलात आणि हातात तारखेचा शिक्का असला की बोलणंच वेगळं होतं, समोरचा माणूस पण लगेच रजिस्टर उघडतो. मी एक साधी फाईल केली होती, दोरीची, तिच्यात सगळ्या पोच आणि पावत्या तारखेप्रमाणे लावायचो, दोन वर्षांत ती जाडजूड झाली आणि शेवटपर्यंत कामाला आली.

आणि हो, कोणत्याही खिडकीवर पहिला प्रश्न येईल, डिपार्टमेंटचे की कॉलेजचे? विद्यापीठाला पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यातली शेकडो कॉलेजं जोडलेली आहेत आणि कॅम्पसमधले विभाग वेगळे, दोघांच्या परीक्षेच्या आणि फॉर्मच्या वाटा बऱ्याचदा वेगवेगळ्या असतात. तुम्ही कोणते ते आधी सांगा म्हणजे चुकीच्या रांगेत तास जात नाही. डिपार्टमेंटवाल्यांपैकी काहींचे वर्ग तर कॅम्पसमध्ये नसतातच, पत्रकारिता आणि परदेशी भाषा फर्ग्युसन रोडला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, हे न कळून पहिल्या दिवशी पोरं गणेशखिंडला मुख्य कॅम्पसमध्ये येऊन बसतात.

पैशाचं आता. महाडीबीटीचा (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) फॉर्म दरवर्षी भरावा लागतो, पहिल्या वर्षी नवीन आणि दुसऱ्या वर्षी रिन्यूअल, एकदा भरला म्हणजे झालं असं नाही. एससीची पोस्ट मॅट्रिक असेल तर उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीला आठ लाख. तुम्हाला कोणती लागू ते विभागातल्या शिष्यवृत्ती बघणाऱ्या माणसाला विचारा, मित्राचं ऐकून चुकीची योजना निवडू नका.

पण खरी मेख फॉर्ममध्ये नाही, बँकेत आहे. माझ्या रूम पार्टनरचं सांगतो. त्याने फॉर्म वेळेत भरला, विभागातून पुढे गेला, मंजूर पण झाला, मोबाईलवर मेसेज आला, आणि पैसे काही येईनात. तो रोज पासबुक भरून आणायचा. बँकेत विचारलं तर म्हणायचे आधार लिंक आहे. सहाव्यांदा गेल्यावर कोणीतरी नीट बघितलं तेव्हा कळलं की आधार लिंक असणं वेगळं आणि सीडिंग वेगळं, सरकारचा पैसा एनपीसीआयच्या (बँकांमधले ऑनलाईन व्यवहार सांभाळणारी संस्था) नोंदीत ज्या खात्याला आधार जोडलेलं असेल तिथंच जातो, आणि त्याचं आधार आठवीत असताना गावाकडे काढलेल्या खात्याला जोडलेलं होतं, ते खातं व्यवहार नाही म्हणून कधीच बंद पडलेलं. त्या चार महिन्यांत त्याने मेसचे पैसे आमच्याकडून उसने घेऊन काढले, आणि घरी सांगितलं नाही कारण वडिलांनी आधीच बी-बियाणांसाठी घेतलेलं देणं होतं. म्हणून सांगतो, फॉर्म भरायच्या आधी आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, तिथं तुमच्या चालू खात्याच्या बँकेचं नाव आणि अॅक्टिव्ह असं दिसलंच पाहिजे. दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर बँकेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा, आणि तिथेही पोच घ्या.

फीच्या शिष्यवृत्तीशिवाय राहण्या-खाण्यासाठी वेगळ्या योजना आहेत आणि त्या कितीतरी पोरांना माहीतच नसतात. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर एससी आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, एसटीला पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे. पुण्यासारख्या शहरात ही रक्कम छोटी नसते, खोलीभाडं आणि मेस बऱ्यापैकी निघते. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या, मार्कांची टक्केवारी, हजेरी, राहत्या जागेचा पुरावा, म्हणून भाडेकराराचा कागद किंवा मालकाची सही असलेली पावती पहिल्या महिन्यापासून घेत जा. बार्टी (एससीसाठीची सरकारी संस्था) आणि सारथी (मराठा-कुणबी समाजासाठीची) दोन्हींची मुख्य कार्यालयं पुण्यातच आहेत, महाज्योतीचं (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठीची) नागपूरला, फेलोशिप आणि स्पर्धा परीक्षांच्या कोचिंगसाठी त्यांच्या साईटवर महिन्यातून एकदा तरी नजर टाका.

आणि कमवा आणि शिका. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने ही योजना चालते, विद्यार्थी विकास मंडळाकडे फॉर्म असतो, रोज ठरलेले तास काम, विभागात, लायब्ररीत, बागेत, कार्यालयात, आणि तासाप्रमाणे मानधन. हे काम करताना लाजायचं अजिबात कारण नाही. मला तर यातून पैशापेक्षा जास्त हे मिळालं की कोणतं कार्यालय कुठं, कोणता कागद कोणाकडून कोणाकडे जातो, हे आतून कळलं. लायब्ररीत काम मिळालं तर सोडू नका.

राहायचं कुठं. हॉस्टेलचा अर्ज प्रवेशापेक्षा वेगळा असतो आणि तो वेगळाच भरायचा असतो, हे दरवर्षी कोणीतरी विसरतंच. जागा कमी, मागणी प्रचंड, यादी लागते, मग दुसरी यादी, मग रिकाम्या राहिलेल्या जागा. पहिल्या यादीत नाव नाही म्हणून लगेच अकरा महिन्यांचा करार आणि मोठं डिपॉझिट करून बसू नका, महिना-दोन महिने कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं) काढा. औंध, खडकी, बोपोडी, शिवाजीनगर, पाषाण इकडं कॉट बेसिस मिळतं. खोली बघायला संध्याकाळी जा, म्हणजे पाणी कधी येतं, एका खोलीत खरोखर किती पोरं झोपतात, हे दिसतं. हॉस्टेलमध्ये मित्राच्या खोलीवर पॅरासाईट म्हणून राहायची पद्धत जुनी आहे, पोरं नाईलाजानेच राहतात हे मला माहितीये, पण तपासणी झाली तर तुमच्यासोबत ज्याने आसरा दिला त्याचीही जागा जाते, तेव्हा ते फार तर आठवडाभर, खोली मिळेपर्यंत.

मेस लावताना आधी आठ दिवस रोजचे पैसे देऊन जेवा, मग महिना भरा. आणि दोन गोष्टी विचारून घ्या, खाडे (न जेवलेल्या दिवसांची वजावट) किती दिवसांपासून धरता आणि रविवारी संध्याकाळी चालू असतं का. दिवाळीला गावी गेलात आणि खाडे आधी सांगितले नसतील तर दहा दिवसांचे पैसे गेले समजा. बऱ्याच मेसला रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी असते, त्या रात्रीसाठी खोलीवर पोहे, शेंगदाणे, गूळ असू द्या. उपाशीपोटी झोपणारी पोरं मी बघितली आहेत आणि ती सांगत नाहीत, म्हणून शेजारच्या खोलीत कोणी दोन दिवस मेसला दिसला नाही तर जाऊन विचारा.

अभ्यासाचं बोलू. नवीन रचनेत दोन वर्षांच्या पीजीला ८८ क्रेडिट आहेत, सेमिस्टरला २२. पहिल्याच सेमिस्टरला संशोधन पद्धती हा विषय असतो, मग ऑन जॉब ट्रेनिंग किंवा फील्ड प्रोजेक्ट, आणि दुसऱ्या वर्षी रिसर्च प्रोजेक्ट. संशोधन पद्धतीला पोरं कंटाळतात पण प्रोजेक्टच्या वेळी तोच विषय हाताशी येतो. आणि गावाकडच्या कॉलेजात आपल्याला सवय असते शेवटच्या महिन्यात वाचून पेपर द्यायची, ती इथं मोडावी लागते, कारण इंटर्नलचे मार्क वर्षभर जमा होत असतात, टेस्ट, सेमिनार, असाइनमेंट. एक सेमिनार चुकला तर शेवटच्या पेपरात तो भरून निघत नाही.

इंग्रजीची भीती. ही मला सगळ्यात जास्त होती. वर्गात पुण्या-मुंबईची, दिल्लीची, परदेशातली पण मुलं असतात, ती फाडफाड बोलतात आणि आपण मागच्या बाकावर गप्प. सामाजिक शास्त्रांच्या बऱ्याच विषयांत मराठीतून पेपर लिहायची मुभा असते, तुमच्या विभागात ती आहे का ते पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, असेल तर निर्धास्त मराठीत लिहा. पण वाचन इंग्रजीतलं करावंच लागेल. मी काय केलं, रोज एकच पान. एका लेखाचं एक पान घ्यायचं, पेन्सिलने अडलेले शब्द खुणावायचे, आणि पान संपल्यावर त्या पानात काय म्हटलंय ते मराठीत चार ओळींत वहीत लिहायचं. पहिल्या पानाला मला दोन तास लागले होते. तरी उठलो नाही. दिवाळीनंतर तेच काम अर्ध्या तासात व्हायला लागलं. सेमिनारला पण आधी मराठीत मुद्दे मांडा, सरांना सांगा की सर मी मिश्र भाषेत बोलतो, बहुतेक शिक्षक समजून घेतात, त्यांच्यातले कितीतरी स्वतः तसेच शिकून आलेले असतात. वर्ग संपल्यावर ‘सर, पाच मिनिटं बसू का’ असं विचारून केबिनमध्ये जायची सवय लावा, जाताना एक नेमका प्रश्न घेऊन जा, सर मला काहीच समजलं नाही असं म्हणू नका, या परिच्छेदातलं हे वाक्य समजलं नाही असं म्हणा.

लायब्ररी. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, १९४९ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हाचे, त्यांच्या नावाने जयकर ग्रंथालय आहे, आता त्याला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. ओळखपत्र मिळालं त्याच दिवशी तिथं जा. अभ्यासिकेत जागा मिळवायची तर सकाळी लवकर, कारण स्पर्धा परीक्षेवाली पोरं पहाटेपासून येऊन बसतात. पण अभ्यासिका म्हणजे लायब्ररी नव्हे, हे लक्षात घ्या, कितीतरी जण दोन वर्षं फक्त स्वतःची पुस्तकं घेऊन खुर्चीवर बसतात आणि आतल्या कपाटांपर्यंत जातच नाहीत. आत जा, तुमच्या विषयाच्या कपाटासमोर उभं राहून नुसती पुस्तकांच्या पाठीवरची नावं वाचत फिरा, एका पुस्तकाला गेलात की शेजारची चार सापडतात. ऑनलाईन जर्नल विद्यापीठाच्या नेटवर्कवर उघडतात, खोलीवरून कशी उघडायची ते काउंटरवर विचारा. जुने पीएचडी प्रबंध शोधगंगा या साईटवर फुकट आहेत, मराठीतले पण. आणि पुण्यात आलायत तर भांडारकर संस्था, गोखले इन्स्टिट्यूटची धनंजयराव गाडगीळ लायब्ररी या पण बघा, विभागाचं पत्र नेलं की काम सोपं होतं.

निकाल लागला आणि मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी आले तर रडत बसू नका आणि लगेच रीव्हॅल्युएशन पण टाकू नका. आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच तसं सांगितलंय. कॉपी आली की विषयाच्या सरांना दाखवा, बेरीज बघा, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का बघा, आणि मग ठरवा. मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात आणि ती कमी असते, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी परिपत्रक वाचा.

नेट-सेटचं (प्राध्यापक होण्यासाठीच्या पात्रता परीक्षा) पण सांगतो, कारण एमए करून पुढं काय हा प्रश्न घरचे दर दिवाळीला विचारतात. एमएच्या शेवटच्या वर्षाला असतानाच दोन्ही परीक्षा देता येतात. सेट आपलंच विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी, आणि ती मराठी माध्यमातून पण देता येते. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) लागली तर सध्या महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. सेमिस्टर तीनपासून रोज एक तास पहिल्या पेपरसाठी काढा, तो सगळ्यांना सारखाच असतो आणि तिथंच बरेच जण अडकतात.

तब्येत आणि मन यावर फार लिहीत नाही पण हे नंबर मोबाईलमध्ये सेव्ह करा. रॅगिंगची तक्रार १८००-१८०-५५२२, चोवीस तास, नाव न सांगता पण करता येते. मन फारच खचलं, झोप येत नाही, काहीच नको वाटतंय, तर टेली मानस १४४१६, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. कॅम्पसवर आरोग्य केंद्र आहे, ताप आला तर खोलीवर अंगावर काढू नका. मुलींसाठी, कोणी त्रास दिला, मग तो विद्यार्थी असो की आणखी कोणी, अंतर्गत तक्रार समितीकडे लेखी तक्रार करता येते, तीन महिन्यांच्या आत करा, आणि एकटीने जायला भीती वाटत असेल तर मैत्रिणीला सोबत न्या.

आणि कॅम्पस फिरा. ४११ एकर आहे, पहिल्या रविवारी पायीच फिरा. मुख्य इमारत इंग्रजांच्या काळात मुंबईच्या गव्हर्नरचं पावसाळी निवासस्थान होतं, आज तिथल्या हिरवळीवर आपल्या गावाकडची पोरं डबा खात बसलेली दिसतात, मला ते बघायला फार आवडायचं. आई-वडील पहिल्यांदा आले की त्यांना तिथं घेऊन जा. विज्ञानाचे नसलात तरी आयुका बघा, जयंत नारळीकरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था, तिथं फुको लंबक आहे, पृथ्वी फिरते हे डोळ्यांनी दिसतं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथं सगळ्यांना प्रवेश असतो. ललित कला केंद्रात मुलांची नाटकं, गाणी चालू असतात, नोटीस बोर्ड बघत जा, संध्याकाळ चांगली जाते.

जाताना काय, ते पण आत्ताच सांगून ठेवतो. शेवटच्या सेमिस्टरचा निकाल लागला की नो ड्यूज, टीसी, पासिंग सर्टिफिकेट आणि पदवीदान समारंभाचा फॉर्म, हे एकाच फेरीत उरका, नोकरी लागल्यावर एका कागदासाठी रजा काढून यावं लागतं. आणि लायब्ररीचं, हॉस्टेलचं जे डिपॉझिट भरलं असेल ते परत मागायचा अर्ज करा, पोरं ते सोडूनच देतात. त्यासाठी पहिल्या दिवशीची पावती मागितली जाते, म्हणून प्रवेशाच्या दिवशी मिळालेली पावती आत्ताच त्या दोरीच्या फाईलमध्ये लावून टाका, सगळ्यात खाली.